खरं बोलणाऱ्या माणसाची गाडी

आठवा महिना, २० तारीख, १८२६. पहिला वार.

वहीवर छापलेली महिन्यांची नावं आधी खोडून काढली. ऑगस्ट म्हणे! कुठल्या रोमन बादशहाच्या नावानं मी माझे दिवस का मोजू? आम्ही मित्रसमाजाची माणसं, ज्यांना बाहेरचे लोक कुचेष्टेनं क्वेकर म्हणतात, महिन्यालाही आकडा देतो आणि वारालाही, आणि आजवर आमचं काही अडलेलं नाही. खोडताना शाई सांडली. डाग तसाच ठेवतो आहे, कारण जे आहे ते लपवायचं नाही असं मी वही उघडतानाच ठरवलंय.

आज सभेत एनॉसला समोरच्या बाकावर बसवलं. एनॉस माझ्या बायकोचा, केझायाचा, भाऊ. सुतार आहे. आमच्या सभेत पाद्री नसतो, गाणं नसतं. सगळे गप्प बसतात आणि ज्याला अंतरातला उजेड काही सुचवतो तो उठून बोलतो. बाकीच्यांकडे तोंड करून एक बाक असतं, त्यावर समाजातली वजनदार माणसं बसतात. आणि एनॉस वजनदार! तीस वर्षांत तो सभेत तीनदा बोललाय, त्यातलं एक वाक्य ‘ती खिडकी लावा’ असं होतं. मी गेल्या वर्षात एकही सभा वाया जाऊ दिली नाही. दर खेपेला उठलो, आणि अर्ध्या तासाच्या आत कधी खाली बसलो नाही. तर आमचे ज्येष्ठ मला बाजूला घेऊन सांगतात, "झिम्री, उजेड कधी कधी गप्प बसायलाही सांगतो रे."

मला एनॉसचा हेवा वाटत नाही. दुपारभर बसून तपासलं. नाही वाटत.

जेवताना जाहीर केलं की गुलामांच्या या कॅरोलायनात शेती करणं माझ्या मनाला आता सोसवत नाही. आपण इंडियानाला जाऊ. तिथे गुलामगिरीला कायद्यानं बंदी आहे, जमीन काळीभोर आहे, आणि आपल्या समाजाची घरं अजून इतकी थोडी आहेत की सभेला अनुभवी माणसांची गरज लागणार.

"नेमकं आजच सोसवेनासं झालं?" केझाया म्हणाली.

"आजच."

आमची मुलगी टॅबिथा, वय सतरा, हिला दुधाचा ठसका लागला.

आठवा महिना, २४. पाचवा वार.

केझाया हो म्हणाली! एकोणीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या एकाही बेताला पंधरा दिवसांच्या आत हो म्हणालेली नाही. परवा शेजारच्या लॅसिटरबाईकडे अंडी द्यायला गेली होती, तिथून आली ती गप्पच. आज सकाळी म्हणते, "जाऊ या. पीक निघालं की लगेच. उशीर नको."

लॅसिटरबाईकडे सहा गुलाम आहेत. त्यांतल्या व्हायनी नावाच्या बाईला लॅसिटरबाईचा मुलगा जॉर्जियाच्या व्यापाऱ्याला विकणार आहे म्हणे. यावर मी जे बोललो ते इतकं नेमकं होतं की चार वेगळ्या पानांवर उतरवून वहीला जोडलंय. गुलामगिरी हा देवाच्या तोंडावर मारलेला चिखल आहे, हे माझं मत मी कुणासमोरही मांडायला तयार आहे, आणि मांडतो. पण पळणाऱ्याला लपवणं मला पटत नाही. त्यात कायदा मोडतो, आणि कायद्याचं एक वेळ सोडा, त्यात खोटं बोलावं लागतं. एकदा खोटं बोललं की माणसात राहिलं काय?

"हो," केझाया म्हणाली. "तू मागेही सांगितलंस."

"पुन्हा सांगतोय."

"सांग की. तू कुणाशी खोटं बोलणार नाहीस हे अख्ख्या परगण्याला ठाऊक आहे." हे म्हणताना तिनं एनॉसकडे पाहिलं. तो आमच्याकडे जेवायला होता. निदान भावाला तरी माझी किंमत कळावी, असं तिच्या मनात असणार.

नववा महिना, १. सहावा वार.

एनॉसनं गाडी दुरुस्त करून आणून दिली. दुरुस्त! गाडीचा तळ चांगला हातभर वर उचललाय. म्हणजे बाहेरून गाडी खोल आणि आत उथळ. सामान कुठे ठेवायचं? विचारलं तर म्हणतो, "ओल लागू नये." बस, एवढंच. या माणसाला समोरच्या बाकावर बसवलंय. फळ्यांना मधे मधे भोकं आहेत, ती का, तर "वारा खेळावा." पिठाला वारा कशाला हवा? मी तळ पुन्हा खाली बसवायला निघालो तर केझायानं हातातला हातोडाच काढून घेतला. तिचं भावावर फार प्रेम आहे.

गावात लॅसिटरबाईच्या मुलानं कागद लावलाय. व्हायनी काल पहाटेपासून नाहीशी झाली. आणून देणाऱ्याला बक्षीस.

नववा महिना, ४. दुसरा वार.

निघालो. सभेनं दाखला दिला. तो असल्याशिवाय नव्या ठिकाणची सभा आम्हाला आपलं मानणार नाही. त्यात लिहिलंय की झिम्री स्टॅनफील्ड, त्याची पत्नी आणि मुलगी सदाचारी आहेत, त्यांचं कुणाशी भांडण नाही, आणि ‘झिम्री सभेत नियमित बोलत असे.’ यात कौतुक आहे की दुसरं काही, ते मला नीट ठरवता आलेलं नाही.

निरोपाला एनॉस आला. गाडीभोवती दोनदा फिरला, तळावर टिचकी मारली, आणि चक्क रडला. मला वाटलं नव्हतं की माझं जाणं त्याला एवढं लागेल. जरा मवाळ झालो. त्याला सांगितलं, "तुझ्या बाकाचा मला राग नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला.

नववा महिना, १२. तिसरा वार.

डोंगर. घोडी दमतात. गाडी सामानाच्या मानानं जड ओढते, हे मी रोज म्हणतो. केझाया म्हणते, "लाकूड जाड आहे."

दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, मक्याच्या भाकऱ्या आणि वाळवलेली सफरचंदं हिशेबापेक्षा लवकर संपताहेत. माझ्यासमोर केझाया चिमणीएवढं खाते आणि पाठ वळली की ताट भरून घेऊन गाडीत जाते. मी काही बोललो नाही. भूक लागणं हे पाप नाही, पण चोरून कशाला खायचं?

दुसरी, टॅबिथाला विचित्र खोकला झालाय. तोंड मिटलेलं असतानाही येतो. मग तिचं लक्ष गेलं की ती जोरजोरात खरोखरचं खोकते. घसा दोनदा तपासला. स्वच्छ आहे.

नववा महिना, २१. पाचवा वार.

रोज मुक्कामाला पोचलो की केझाया मला पुढे पाठवते. "जा, आसपास कुणी वस्तीवाले असतील तर त्यांच्याशी बोलून ये. तासभर तरी. घाई नको करूस." इतकी वर्षं जिनं मला बोलताना मधे तोडलं, तीच आता बोलायला पाठवते. प्रवासानं माणूस पालटतो म्हणतात ते काही खोटं नाही.

आज पाऊस होता म्हणून गाडीतच बसलो आणि या दोघींना ‘बेड्या’ या विषयावर सांगितलं. दोन तास. स्वतः ऐकत असतो तर मलाही वाटलं असतं की असं कुणी बोलू शकत नाही. बोलण्याच्या भरात कॉफीचं भांडं कलंडलं आणि सगळी कॉफी फळ्यांच्या भोकांतून खाली गेली. टॅबिथाला लगेच खोकला. केझाया फडकं घेऊन फळ्यांवर अशी झेपावली की जणू पोर पडलं होतं.

"कॉफीच आहे," मी म्हणालो.

"गरम होती रे, गरम!" ती ओरडली.

फळीला चटका बसत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं.

दहावा महिना, २. दुसरा वार.

आज ओहायो नदी ओलांडली. पलीकडे गुलामगिरी नाही. आज माझ्या सत्यनिष्ठेचा चारचौघांत जो मान झाला, तो नम्रपणे पण संपूर्ण लिहून ठेवतो.

अलीकडच्या काठावर तराफ्याची वाट बघत होतो. एक लाल दाढीवाला घोडेस्वार आडवा आला. रॅगलंड नाव त्याचं, पळालेले गुलाम पकडून देणं हा धंदा.

"ए टोपीवाल्या, थांब."

"थांबलोय. तू कोण?"

"तू? मला तू म्हणतोस?"

"मी गव्हर्नरलाही तू म्हणतो आणि देवालाही तू म्हणतो. तू त्या दोघांच्या मधे नक्की कुठे बसतोस ते सांग, मग बघू."

तराफेवाले हसले. रॅगलंड नाही हसला. "कॅरोलायनाची गाडी ना? लॅसिटरबाईची व्हायनी पळालीये. पंचविशीची, डाव्या भुवईवर व्रण. तुझ्या गाडीत आहे?"

"नाही."

"घे शपथ."

"आम्ही शपथ घेत नाही. शपथेवर खरं बोलणारा एरवी खोटं बोलतो, असा त्याचा अर्थ होतो. माझं नाही म्हणजे नाही. विश्वास नसेल तर गाडी बघ."

त्यानं ताडपत्री वर करून डोकं आत घातलं. केझाया पिठाच्या पेटीवर बसून विणत होती. टॅबिथा खोकत होती. तेवढ्यात म्हातारा तराफेवाला म्हणाला, "अरे, क्वेकर आहेत ते. जीभ कापलीस तरी खोटं बोलायचे नाहीत. मी वीस वर्षं बघतोय."

संधी समोर उभी होती, ती सोडणं पाप ठरलं असतं. मी रॅगलंडच्या घोड्याचा लगाम धरला आणि त्याच्या धंद्याविषयी सुरुवात केली. आदमपासून. पाऊण तासानंतर मी मोशेपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "बास! जा रे बाबा, जा एकदाचा!" आणि त्यानं स्वतः आमच्या घोडीला चापट मारून तराफ्यावर चढवलं.

नदीच्या मध्यावर केझायाचा चेहरा पांढराफटक होता. मी म्हणालो, "पाण्याला घाबरू नकोस. जो खरं बोलतो त्याला देव बुडवत नाही." ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिनं माझा हात धरला. लोकांसमोर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

दहावा महिना, १४. सातवा वार.

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी आमच्या जमिनीवर पोचलो. आधीच्या माणसानं सोडून दिलेली एक लाकडी खोली आहे, छप्पर बरं आहे. टेबल नव्हतं. मी म्हटलं, गाडीच्या तळाच्या फळ्या काढू, एनॉसचं जाड लाकूड एकदाचं कामाला येईल. केझाया पाणी आणायला ओढ्यावर गेली होती. मी कुऱ्हाड उचलली.

खालून आवाज आला, "हळू घाल. तिथं माझं डोकं आहे."

पुढचं नीट आठवत नाही. टॅबिथा धावत आली आणि तिनं कडेची एक फळी सरकवली. ती फळी सरकते. चाळीस दिवस मी त्या गाडीत बसत होतो आणि ती फळी सरकते हे मला माहीत नव्हतं. आतून एक बाई बाहेर आली. आली म्हणजे टॅबिथानं ओढून काढली, तिचे गुडघे उघडत नव्हते. डाव्या भुवईवर व्रण.

मी पहिलं काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तू माझ्याकडून खोटं वदवलंस."

ती गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली आणि तिनं मला नीट न्याहाळून घेतलं, एखाद्याचा आवाजच ऐकलेला असतो आणि मग माणूस दिसतो तसं. "म्हणजे असा दिसतोस होय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं उंच असशील."

"नदी ओलांडून बारा दिवस झाले," मी म्हणालो. "इथे गुलामगिरी नाही. मग बाहेर का नाही आलीस? तो रॅगलंड तर पलीकडेच राहिला."

"रॅगलंडपासून कोण लपलं होतं? हे बारा दिवस मी तुझ्यापासून लपले होते. वाटेत भेटेल त्याला तू थांबवतोस आणि विचारलं नसेल तेही सांगतोस."

मी काही बोलणार होतो, तिनं हात वर केला. "आता मी बोलते. तू चाळीस दिवस बोललास, मी सगळं ऐकलं. उठून जायची सोय नव्हती. बोलतोस झकास. ‘बेड्या’वर बोललास तेव्हा तर मला वाटलं, याला नक्की कळतंय. आणि मग तुझी कॉफी माझ्या मानेवर आली. ओरडता येत नव्हतं. मी मनगट चावलं." तिनं मनगट दाखवलं. दातांच्या खुणा अजून आहेत.

केझाया ओढ्यावरून आली, बादली खाली ठेवली आणि आम्हा दोघांकडे बघत राहिली. तिच्यावर ओरडावं असं फार वाटत होतं. ओरडता आलं नाही. मला लाज वाटत होती, आणि ती नक्की कशाची हे अजूनही नीट सांगता येत नाही.

दहावा महिना, १५. पहिला वार.

नव्या सभेत गेलो. उठलो नाही. लोक म्हणाले, प्रवासाचा शीण असेल.

दहावा महिना, १९. पाचवा वार.

व्हायनी मक्याच्या कोठारात राहते. टॅबिथा तिला धरून रोज चालवते. दहा पावलं, मग पंधरा. पाय भरले की तिला उत्तरेला, सरोवरापलीकडे कॅनडात पोचवायचं. इथे गुलामगिरी नसली तरी पकडणारे येतात, आणि पळालेल्याला परत नेण्याचा कायदा त्यांच्याच बाजूनं आहे.

मला चैन नाही. केझायाला म्हणालो, "मी त्या माणसाला ‘नाही’ म्हणालो, आणि ते खरं नव्हतं. समाजाच्या नियमाप्रमाणे मला कबुलीपत्र लिहायला हवं."

"तुला माहीत होतं का, ती आत आहे ते?"

"नव्हतं."

"मग तू खोटं कुठे बोललास? खोटं गाडी बोलली. घे तिच्याकडून लिहून."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

ती लोणी काढत होती. थांबली. "झिम्री, तू माणूस वाईट नाहीस. पण तुझं खरं बोलणं एखाद्या भल्या मोठ्या कुत्र्यासारखं आहे. दारात बांधायला उत्तम. घरातलं काही त्याला सांगून उपयोग नाही."

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नाही.

अकरावा महिना, २. पाचवा वार.

रॅगलंड आला. सोबत आणखी एक बंदूकवाला. तराफेवाल्याच्या तोंडून ऐकलं म्हणे, की कॅरोलायनाच्या एका गाडीचा तळ बाहेरून खोल आणि आतून उथळ होता.

मी दारात ओंडका फोडत होतो. सकाळीच टॅबिथाला ताट घेऊन कोठाराकडे जाताना पाहिलं होतं. कोठार दाराहून वीस पावलांवर.

"माझं सगळं काम तूच हलकं करणार आहेस," रॅगलंड घोड्यावरून म्हणाला. "तू खोटं बोलत नाहीस. हे तूच मला पाऊण तास सांगितलंस. तर बोल, ती इथे आहे?"

आता मला माहीत होतं. ‘आहे’ म्हटलं तर ती जॉर्जियाला जाते. ‘नाही’ म्हटलं तर मी गेलो. आणि मला दुसरं काहीच सुचेना. उजेड वगैरे काही दिसला नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. मी कुऱ्हाड ठेवली, ओंडक्यावर बसलो, हात गुडघ्यांवर ठेवले आणि सभेत बसतात तसा बसलो.

"काय झालं? बोल ना."

केझाया बाहेर आली, तिनं एकदा पाहिलं आणि माझ्या शेजारी बसली. टॅबिथा तिच्या शेजारी. आमच्यात सभा कुठेही भरते.

रॅगलंड आधी हसला. मग शिव्या दिल्या. मग बंदुकीचं टोक माझ्या टोपीला लावून टोपी खाली पाडली. मग त्याचा आवाज हळू हळू उतरला, का कोण जाणे, आणि शेवटी तोही पायरीवर बसला. त्याचा सोबती तर डोक्यावरची टोपी काढून बसला. तीन तास. या तीन तासांत मला बोलायला काय काय सुचलं त्याची यादी केली तर वही संपेल. मोशे तर सुचलाच, पण त्याच्या घोड्याचा मागचा डावा नाल सैल झालाय, हेसुद्धा सांगावंसं वाटत होतं. जीभ टाळूला चिकटवून ठेवली. मला त्या बाईचं मनगट सारखं दिसत होतं.

ऊन कलल्यावर रॅगलंड उठला. "क्वेकर बोलत नाही म्हणजे ती इथेच आहे," तो म्हणाला. आणि त्यानं कोठार उपसायला घेतलं. मी डोळे मिटून घेतले. कणसांचे ढीग बाहेर पडताना ऐकू येत होते. तो तिला ओढून बाहेर काढेल आणि ती माझ्याकडे बघेल, याची वाट बघत बसलो.

कुणी सापडलं नाही.

अकरावा महिना, ६. दुसरा वार.

रॅगलंड आज गेला. चार दिवस ठाण मांडून होता. कोठार, गवताची गंजी, खोलीची जमीन, सगळं खणलं. ओढ्याकाठी एक खड्डाही केला, तो शेणखताला उपयोगी पडेल.

तो दिसेनासा झाल्यावर केझाया म्हणाली, "व्हायनी त्याच्या दोन दिवस आधीच गेली."

"मग ते ताट?"

"कोंबड्यांचं होतं."

मी म्हणालो, "म्हणजे मी सरळ ‘नाही’ म्हणालो असतो, तर ते खरं ठरलं असतं!"

"ठरलं असतं. मग त्यानं विचारलं असतं, कुठे गेली. आणि त्याच दिवशी उत्तरेची वाट धरली असती. तू गप्प बसलास म्हणून तो चार दिवस इथे माती उकरत बसला."

म्हणजे आजवर मी दिलेलं सर्वांत मोठं फसवं उत्तर मी तोंड न उघडता दिलं. केझायाला हे फार विनोदी वाटलं. मला वाटलं नाही. मी त्या ओंडक्यावर तीन तास जे सोसलं ते एका रिकाम्या कोठारासाठी, आणि ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. पुन्हा.

"तू छान बसला होतास पण," ती म्हणाली. एवढंच.

अकरावा महिना, २०. दुसरा वार.

कबुलीपत्र लिहून झालं. सहा पानं. वही माझ्या पेटीत कुलपात असते, तिनं आत्मा हलका होत नाही. कबुली भर सभेत वाचली गेली तरच ती कबुली. सगळं नावांनिशी लिहिलंय, कारण अर्धवट कबुली म्हणजे पुन्हा खोटंच. केझायाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर सुंदर आहे," आणि बाहेर निघून गेली.

अकरावा महिना, २२. चौथा वार.

सभेचा ज्येष्ठ बार्नबस आणि त्याच्यासोबत एक म्हातारी, असे दोघं घरी आले. दाखल्यावर निर्णय द्यायचा होता. चुलीपाशी बसले, ताक घेतलं.

"त्या रॅगलंडनं गावभर सांगितलंय की तू तीन तास तोंड उघडलं नाहीस," बार्नबस म्हणाला. "खरं का रे?"

"खरं."

"समोरच्या बाकाला असाच माणूस हवाय आम्हाला. कॅरोलायनाहून वेगळं काही लिहून आलंय, पण माणूस ऐकून थोडाच कळतो. फक्त एक विचारायला लागतं, नियम आहे. घर सोडल्यापासून आजवर समाजापुढे मांडावं असं काही तुझ्या हातून घडलंय? असेल तर कागद दे. पुढच्या सभेत वाचू. गावातलेही लोक येतात, त्यांच्यासमोरच वाचलं जातं, तुला माहीतच आहे."

सहा पानं कोटाच्या खिशात होती. त्यात एनॉसचं नाव दोनदा होतं, आणि कॅरोलायनात अशी गाडी बनवणाऱ्याला तुरुंग आहे. केझायाचं नाव पानापानावर होतं. व्हायनीचं अकरा वेळा, आणि ती अजून पोचली की नाही कुणाला ठाऊक. केझाया पलीकडे लोणी काढत होती. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

बार्नबसनं मान डोलावली. तुझ्यासारख्या माणसाला हे विचारायचीच लाज वाटत होती, म्हणाला. म्हातारीनं ताकाची चव छान आहे म्हटलं. दोघं गेले.

तर मी खोटं बोललो. चुकून नाही, गाडीनं नाही, गप्प बसूनही नाही. तोंड उघडून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललो, आणि त्याबद्दल मला समोरचं बाक मिळतंय. आपण फार वाईट केलं असं वाटावं म्हणून बराच प्रयत्न केला.

कुंपणाशी उभा होतो तिथे केझाया आली. हात पुसत शेजारी उभी राहिली. मग तिनं सांगितलं. व्हायनी आज कुठे आहे, कुणाच्या घरी आहे, तिथून तिला पुढे कोण नेणार, आणि येत्या महिन्यात आपल्याकडे कोण येणार. अशी दोन नावं सांगितली की मी ऐकून थक्क झालो. या बाईनं एकोणीस वर्षांत मला गळकं छप्पर आणि संपलेलं मीठ याखेरीज कधी काही सांगितलं नव्हतं. मी एकदाही मधे बोललो नाही.

शेवटी म्हणाली, "वहीत लिहू नकोस."

लिहीत नाही.